मामा, मावशी आणि भिंतीवरचा तक्ता

सरकारी दवाखान्यासमोर रात्री अडीच वाजता जीप थांबते, तेव्हा दार उघडायला डॉक्टर येत नाहीत. येतात ते मामा. नेमणुकीच्या कागदावर कक्षसेवक लिहिलेलं असो, शिपाई असो की सफाईगार, आमच्याकडे सगळे पुरुष मामा आणि सगळ्या बायका मावशी. जीपमध्ये पाथरज किंवा खांडसच्या बाजूच्या एखाद्या वाडीवरचा ठाकराचा पोरगा गोधडीत गुंडाळलेला असतो. सोबतचा म्हातारा एवढंच सांगतो, "पान लागलंय," म्हणजे साप चावलाय. पुढच्या पाच मिनिटांत मामा त्या पोराला कसं उचलतात, चालवत आणतात की आडवं ठेवून आणतात, पायावर घट्ट बांधलेली दोरी एका झटक्यात सोडतात की सिस्टरला हाक मारतात, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

मी ऐंशीच्या दशकात परिचारिका म्हणून नोकरीला लागले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतच गेली. दवाखाने कसे सुधारले हे सांगताना लोक इमारती, यंत्रं आणि डॉक्टरांची नावं सांगतात. तेही खरंच आहे. पण मी जे जवळून पाहिलं त्यात भिंतीवरचे तक्ते आहेत, आणि ते तक्ते ज्यांच्या हातात उतरायला हवे होते ते मामा-मावशी आहेत. त्यांचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमचा भाग भाताचा. पावसाळ्यात लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, त्यानंतर मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत कापायचं काम. भिवपुरीला टाटांचं वीजघर 1922 साली सुरू झालं. वीज करून सोडलेलं पाणी पेज नदीत येतं, तेच राजनाल्यातून फिरतं आणि कर्जतच्या काही गावांना उन्हाळी भातही मिळतं. पीक दोनदा म्हणजे शेतात वाकलेली माणसंही दोनदा. गवताच्या पेंढीत फुरसं, बांधावर घोणस, उंदरांच्या मागे घरात नाग, आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा दिसतही नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि त्याच्या पापण्या मिटायला लागलेल्या असतात. हे एवढं एक लक्षण मामांना ठाऊक असलं, तर "पोटदुखी आहे, सकाळी ओपीडीत या" असं कुणी म्हणत नाही.

उन्हाळ्यात पहिल्या वळवाच्या आधी लाल विंचू निघतो. मी नोकरीला लागले तेव्हा विंचवाचं पोर आलं की जुन्या सिस्टरांचे चेहरे उतरायचे. कोकणातल्या लाल विंचवाच्या गंभीर दंशात तेव्हा शंभरातली तीस-चाळीस माणसं दगावत, त्यांत लहान मुलं जास्त. विष अंगात भिनलं की शरीर स्वतःच इतकं अ‍ॅड्रेनॅलिनसारखं द्रव्य सोडतं की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. मुलाला घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, शेवटी तोंडाला गुलाबी फेस येतो. अशा वेळी अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड, झोपेच्या औषधांचं मिश्रण, जे हाताला येईल ते दिलं जायचं, आणि त्यातलं काही तर अपायच करायचं.

यावरचा उतारा आमच्याच जिल्ह्यात सापडला. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, 1981 साली ते रायगड झालं. कोणता विंचूदंश हृदयावर जाणार हे आधी कसं ओळखायचं, याची लक्षणं त्यांनी 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरलं, आणि तो अनुभव 1986 साली त्याच नियतकालिकात आला. आवळलेल्या रक्तवाहिन्या ही गोळी सैल करते. ती वेळेत मिळू लागली तसे मृत्यू एकेरी आकड्यात आले. ग्रामीण आरोग्य केंद्रातला एक डॉक्टर घड्याळ आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन रात्रभर एकेका मुलाच्या उशाशी बसतो आणि त्यातून जगाला एक उपचार मिळतो. आपल्या जिल्ह्याच्या शाळांतून हे शिकवलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण गोळी आली म्हणजे काम संपलं, असं नव्हतं. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर माणसाला उठवून बसवलं तर रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. गोळी दिल्यावर पेशंट आडवाच राहिला पाहिजे. आता रात्री त्या मुलाजवळ कोण असतं? सिस्टर एक, तिच्याकडे बाळंतपणाची खोलीही. मुलगा म्हणतो लघवीला जायचंय. मावशी मायेनं त्याला उठवते, हात धरून संडासाकडे नेते. मावशीचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षण अलिबागला, तेही डॉक्टरांचं, कधीमधी आमचं. भिंतीवर तक्ता होता, आणि त्यावर लिहिलेलं असायचं, 'रुग्णास उत्थित स्थितीत आणू नये.' सातवी शिकलेल्या मावशीनं यातून काय घ्यायचं?

आम्ही तो तक्ता पुन्हा लिहिला. 'विंचवाच्या पेशंटला उठवू नका. बसवू नका. लघवीला भांडं द्या.' खाली आडव्या माणसाचं चित्र. हा तक्ता आम्ही डॉक्टरांच्या खोलीतून काढून खाटांच्या डोक्याशी लावला. कागदी काम बघणाऱ्यांना ते आवडलं नाही, सरकारी नमुन्यात ते बसत नव्हतं. आम्ही तो काढला नाही.

सापाच्या बाबतीत तर मामांचा हात याहूनही मोलाचा. घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. ते तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करून बघायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलं आहे, प्रतिसर्पविष द्यायला हवं. भारत सरकारच्या 2009 सालच्या सर्पदंश उपचार संहितेत ही चाचणी सगळ्यात आधी येते. यात नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. आणि साबणाच्या पावडरीनं घासलेली नळी दगा देते, तिच्यात चांगलं रक्तही गोठत नाही. नळ्या घासतं कोण? मावशी. लख्ख घासणं हा तिचा अभिमान असतो. म्हणून सर्पदंशाच्या नळ्या वेगळ्या डब्यात आणि त्या घासायच्या नाहीत, हे तिला कारणासकट सांगावं लागतं. आम्ही तिच्यासमोर दोन नळ्यांत रक्त घेऊन दाखवलं, एक घासलेली, एक कोरी. त्यानंतर तो डबा तिनं स्वतःच्या ताब्यात ठेवला आणि नव्या मुलींना तीच बजावू लागली.

प्रतिसर्पविषाचं नाव घेतलं की परळच्या हाफकिन संस्थेचं नाव येतंच. तिथे घोड्यांच्या रक्तापासून बनवलेल्या लसीवर आमच्या डोंगराळ भागातली किती माणसं जगली असतील. हाफकिनसाहेबांच्या आयुष्यातली एक गोष्ट मी नव्या कर्मचाऱ्यांना न चुकता सांगायचे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी इथे त्यावरची लस तयार केली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना ती टोचली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनना काम सोडून जावं लागलं. पुढे उलगडा झाला तो असा : गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्यानं बूच काढलं होतं. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली तेव्हा कुठे 1907 साली हाफकिन निर्दोष ठरले.

ही गोष्ट सांगून झाली की खोलीत सगळे गप्प व्हायचे. मग मी ट्रेमधला चिमटा मुद्दाम खाली टाकायचे आणि विचारायचे, आता काय कराल? आमच्या सुरुवातीच्या काळात काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळून वापरत. लसीकरणाच्या दिवशी स्टोव्हवर प्रेशर कुकरसारखं भांडं चढायचं, आणि वाफ किती वेळ धरायची हे स्टोव्ह पेटवणाऱ्या मामांवर असायचं. पुढे एकदाच वापरता येणाऱ्या, आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजा आल्या आणि ती धास्ती गेली. 1998 साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले, पिवळ्या-लाल पिशव्या आल्या. सुई टोचण्याचा धोका सगळ्यात जास्त कचरा उचलणाऱ्या मावशीला, पण हातमोजे आधी ऑपरेशन थिएटरला मिळायचे. ही गोष्ट सुधारायला फार वर्षं लागली, आणि ती वर्षं लागायला नको होती.

कमी शिकलेली बाई हे काम शिकू शकते का, असा प्रश्न अजूनही बैठकीत कुणी तरी विचारतं. त्याचं उत्तर रायगड जिल्ह्यानं पन्नास वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. जे. जे.चे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अँटिया यांनी सत्तरच्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडवा भागात गावच्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बहुतेकींचं शिक्षण नावापुरतं. त्यांनी कुष्ठरोगाचे चट्टे ओळखले, गरोदर बायकांवर लक्ष ठेवलं, औषधं दिली. 2005 सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून पुढे आशाताई गावोगाव उभ्या राहिल्या, त्यामागे असेच अनुभव होते. आमच्या वाड्यांवर भगतापाशी थांबलेला सर्पदंशाचा पेशंट दवाखान्यात आणण्याचं मोठं काम आशाताईंनी केलं. त्या भगताशी भांडल्या नाहीत. "तुमचं म्हणणं जीपमध्ये बसून म्हणा, पण चला," असं म्हणून त्यांनी भगतालाच सोबत आणलं. दवाखान्यात पोर वाचलेलं त्या भगतानं डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढचा पेशंट त्यानं स्वतःच पाठवला.

औषधाच्या बाटलीवरचा बॅच नंबर वाचायची सवय आम्हाला लागली ती 1986 पासून. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली आणि सगळं राज्य हादरलं. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं, ते मूत्रपिंडं निकामी करतं. तेव्हा मी नवीन होते. आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी औषधभांडाराच्या दारावर हातानं लिहून चिठ्ठी लावली होती, आणि नंबर नोंदवल्याशिवाय त्या बाटली हलवू देत नसत.

माझ्या निवृत्तीनंतर, 9 जानेवारी 2021च्या मध्यरात्रीनंतर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या बातमीनं मला कितीतरी रात्री झोप लागू दिली नाही. ज्यांनी अशा कक्षात काम केलं आहे त्यांना ते बंद दार, ते उबदार पेटारे, ती ऑक्सिजनची नळी डोळ्यांपुढे दिसते. त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्या झाल्या, लाल नळकांडी लागली, बाण रंगवले गेले. मला पुन्हा शिकवायला बोलावलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली : सराव रात्री घ्या, आणि दिवे घालवून घ्या. दिवसा अकरा वाजता, साहेब उभे असताना नळकांडं कुणीही उघडतं. अंधारात पिन कुठे आहे, ऑक्सिजनचा मुख्य कॉक कुठल्या बाजूला फिरतो, दोन बाळं एका वेळी कशी उचलायची, हे बोटांना माहीत असावं लागतं. पहिल्या सरावात कॉकपाशी सगळ्यांत आधी पोचल्या त्या मावशी, कारण रोज तिथली फरशी त्या पुसायच्या.

12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारनं सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं आहे. मी तो आराखडा आनंदानं वाचला. त्यात प्रशिक्षणावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. पण आता आमच्या दवाखान्यांतले बरेचसे मामा, मावशी, सुरक्षारक्षक आणि चालक कंत्राटी आहेत. कंत्राट बदललं की माणसं बदलतात. नळ्यांचा डबा राखणारी मावशी एका महिन्यात जाते आणि तिच्या जागी आलेल्या मुलीला तो डबा म्हणजे एक घासायचं भांडं वाटतं. वर्षातून एकदा नोंदवहीत सही घेऊन होणारं प्रशिक्षण तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण त्या दिवशी ती तिथे नव्हतीच.

माझी मागणी साधी आहे आणि ती मी तालुक्याच्या बैठकीत लेखी दिली आहे. नवा माणूस, मग तो कुणाच्याही पगारावर असो, दवाखान्यात रुजू झाला की पहिल्या रात्रपाळीआधी त्याला तीन गोष्टी करून दाखवायच्या : विंचवाच्या पेशंटला आडवं ठेवून खाटेवर घेणं, काचेच्या नळ्यांचा डबा, आणि अंधारात ऑक्सिजनचा कॉक. अर्धा तास लागतो. शिकवायला बाहेरून कुणी नको, तिथली जुनी मावशी पुरते, फक्त त्या अर्ध्या तासाचे पैसे तिला मिळावेत. लावणीला जून लागतो, त्याआधी मे महिन्यातच हे सुरू व्हायला हवं.