न दिसणारी ओळ

२०२१ साली, महाविद्यालये बंद असताना, द्वितीय वर्षाची एक अंतर्गत चाचणी आम्हाला मोबाइलवरून घ्यावी लागली. एका विद्यार्थिनीच्या शेवटच्या उत्तरात 'काळ' या शब्दाच्या जागी दोनदा 'कळ' झाले होते, एक वाक्य लागोपाठ दोन वेळा आले होते आणि एक क्रियापदावाचून तसेच लोंबकळत होते. सवयीने मी शुद्धलेखनाचे गुण कापले. पुढे फोनवर विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, लिहिताना दिसतच नव्हतं." शेवटच्या प्रश्नाची चौकट पानाच्या तळाशी होती, तिच्यावर बोट टेकले की खालून कळफलक वर येई आणि नेमकी तीच चौकट झाकून टाकी. त्या अ‍ॅपचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तक्रार मात्र मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

१८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टनच्या कारखान्यातून शोल्स आणि ग्लिडन यांचे टंकलेखन यंत्र विक्रीला आले. त्यात अक्षरांचे दांडे खालून वर उसळत आणि कागदावर रुळाच्या खालच्या अंगाने आदळत. त्यामुळे चालू ओळ लिहिणाऱ्याला दिसत नसे. ती पाहायची तर कागदाचा गाडा हाताने उचलावा लागे, किंवा कागद काही ओळी पुढे सरकेपर्यंत थांबावे लागे. अशा यंत्रांना पुढे 'आंधळी यंत्रे' असेच म्हटले जाऊ लागले. डेन्मार्कच्या मालिंग-हान्सेन यांच्या 'लेखनगोला'तही कागद कळांच्या घुमटाखाली दडलेला असे. १८८२ साली नीत्शेने तो घेतला, तेव्हा त्याची दृष्टी इतकी अधू झाली होती की ओळ दडली काय नि दिसली काय, त्याला फारसा फरक पडणार नव्हता. फ्रीडरिश किटलर या जर्मन अभ्यासकाने या प्रसंगाचे बरेच तत्त्वज्ञान केले आहे. आपल्याला येथे त्याच्या यंत्रापुरतेच कर्तव्य आहे.

आश्चर्य असे, की ही आंधळी यंत्रे पंचवीस-तीस वर्षे उत्तम खपली. ती वापरणारी माणसे बहुतांशी लेखक नव्हती, हे त्याचे एक कारण असावे. कचेरीतला टंकलेखक समोरच्या मसुद्यावरून किंवा लघुलेखनाच्या वहीवरून नक्कल करी. मजकूर आधीच पक्का झालेला. डोळे तिकडे, बोटे इकडे. १८८८ च्या जुलैत सिनसिनाटी येथे फ्रँक मॅकगरिन याने कळांकडे न पाहता लिहून एक गाजलेली वेगस्पर्धा जिंकली, आणि न पाहता टंकन करण्याला प्रतिष्ठा आली. नक्कल करणाऱ्याला स्वतःची ओळ दिसण्याची निकड नसते. जुन्या पोथ्यांच्या पुष्पिकांतला लेखनिक, आपण समोर होते तसेच उतरवले, दोष आपल्या माथी मारू नये, अशी विनवणी करतो, तीही याच भूमिकेतून. (त्याला तेथे 'लेखक' म्हटलेले असते, हे मराठीच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) वाक्य लिहिता लिहिताच जुळवणाऱ्याची गोष्ट निराळी. मागचा शब्द दिसल्यावाचून त्याला पुढचा सुचत नाही.

फ्रान्झ वॅग्नर याने दांडे समोरून आदळतील अशी रचना केली, तिचे पेटंट १८९३ चे. ती अंडरवुड या नावाने बाजारात आली आणि ओळ उजेडात आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रेमिंग्टनलाही तोच मार्ग धरावा लागला. पुढची शंभरएक वर्षे, संगणकावरचे काही प्रारंभीचे अपवाद वगळता, लिहिणारा आपली ओळ पाहत लिहीत होता.

२००७ च्या जूनमध्ये आयफोन आला आणि कळा काचेत शिरल्या. त्या पडद्याची उंची ४८० बिंदू आणि उभ्या धरलेल्या फोनवर कळफलकाची २१६. म्हणजे लिहायला लागताच जवळजवळ निम्मे पान झाकले जाई. लिहिण्याचे साधन आणि लिहिण्याचा पृष्ठभाग एकाच जागेसाठी भांडू लागले. ॲपलची व्यवस्था अशी, की कळफलक वर येत आहे आणि तो अमुक एवढा उंच आहे, ही वर्दी अ‍ॅपला मिळे. चौकट वर उचलून घेण्याचे काम ते अ‍ॅप रचणाऱ्याचे. त्याने ते केले तर ठीक, विसरला तर वापरणारा आंधळा. अँड्रॉइडच्या पहिल्या फोनला, २००८ साली, सरकून बाहेर येणारा खराखुरा कळफलक होता. २००९ च्या एप्रिलमध्ये १.५ या आवृत्तीबरोबर तेथेही काचेवरच्या कळा आल्या आणि सोबत दोन उपाय आले: पान उरलेल्या जागेत आक्रसून बसवायचे, किंवा चौकट दिसेल इतके अख्खे पान वर ढकलायचे. फोन आडवा धरला तर आणखी एक प्रकार होई. केवळ लिहिण्याची चौकट पडदाभर पसरे आणि बाकीचे पान नाहीसे होई. आपले उत्तर डोळ्यांपुढे, आणि प्रश्न कोणता होता ते आठवत बसायचे!

२०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर शब्द सुचवणारी पट्टी आणि इतरांनी बनवलेले कळफलक आले, तेव्हा २१६ हा आकडा गृहीत धरून केलेले हिशेब कोसळले. उपायांची ये-जा अजून चालू आहे. २०२० मध्ये ॲपलच्या नव्या बांधणीत चौकट आपोआप वर सरकू लागली. त्याच वर्षी अँड्रॉइड ११ ने कळफलकाची नेमकी उंची अ‍ॅपला कळेल अशी सोय केली. २०२२ अखेरीस क्रोमने अँड्रॉइडवर कळफलकासाठी पानाची मांडणी आक्रसणे थांबवले, आणि तळाला चिकटवलेली 'पाठवा'सारखी बटणे कित्येक पानांवर कळफलकाखाली गेली. २०२४ च्या अँड्रॉइड १५ साठी बांधलेली अ‍ॅप पडद्याच्या कडांपर्यंत पसरली आणि कळफलकापुरती जागा सोडण्याचा भार पुन्हा रचणाऱ्यावर आला.

हे सर्व रोमन लिपीत लिहिणाऱ्यालाही जाचते; पण तो निदान 'एस' दाबल्यावर 'एस'च उमटेल अशा भरवशावर असतो. मराठी लिहिणारे अनेकजण रोमन अक्षरे दाबून देवनागरी मिळवतात. के, ए, एल एवढ्या तीन कळांतून कल, कळ, काल, काळ यांपैकी काय निघेल ते पाहिल्यावाचून कळत नाही. र्‍हस्व-दीर्घाचा निर्णयही बोट करीत नाही, पट्टीवरच्या पर्यायांतून डोळा करतो. शिवाय काही देवनागरी कळफलकांत स्वरांची निराळी ओळ असते. म्हणजे ज्याला पाहण्याची गरज अधिक, त्याचेच पान अधिक झाकलेले. त्या मुलीच्या 'कळ'ला मी अज्ञान समजलो, ते या तपशिलाकडे न पाहता.

कापलेले गुण मी परत दिले. ती मात्र पुढच्या चाचणीपासून उत्तर आधी वहीत पूर्ण लिहून काढू लागली आणि मग वहीकडे पाहत ते मोबाइलवर उतरवू लागली.