बनावट अपडेट विषाणू
सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती असल्याचे भासवून ईमेलच्या जोडपत्रातून संगणकात शिरणारा घातक प्रोग्राम. २००३ सालचा ‘स्वेन’ हा त्याचा ठळक मासला : मायक्रोसॉफ्टच्या नावाचे हुबेहूब पत्र, सोबत ‘सुरक्षा पॅच’. वास्तविक ही कंपनी ईमेलला जोडून अपडेट पाठवतच नाही. विंडोज सहसा फाइलनामाचे शेपूट लपवते, त्यामुळे ‘अपडेट.पीडीएफ.ईएक्सई’ ही साधी पीडीएफ भासते. अपडेट घ्यावे ते सेटिंग्जमधूनच. पण अस्सल वाटही बाटते : जून २०१७ मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या खऱ्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम पसरला आणि इकडे न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. म्हणून किराणा दुकानाच्या बिलिंग संगणकातील माहितीचीही एक प्रत वेगळ्या, एरवी काढून ठेवलेल्या डिस्कवर हवी. अशा फसवणुकीत पैसे गेल्यास लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.