कोडे, भुयार आणि बकासुर : आदिपर्व, खान्देश आणि संगणकीय भूमिकाखेळ

१

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाप्रधान खेळांत एक कथाघटक इतका रूढ झालेला आहे की सरावलेल्या खेळाडूला त्याचे नियम वेगळे समजावून द्यावे लागत नाहीत. नायक एका बंदिस्त, बहुधा भूमिगत वास्तूत शिरतो. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाण्याची वाट कोड्याने अडवलेली असते. खूण ओळखावी, कळ फिरवावी, मिळालेले साधन योग्य जागी वापरावे, तेव्हा दार उघडते. अखेरच्या दालनात त्या वास्तूचा अधिपती उभा असतो. खेळाडूंच्या बोलीत वास्तूला ‘डंजन’ आणि अधिपतीला ‘बॉस’ म्हणतात. बॉसचा पाडाव झाला की फळ मिळते आणि कथा पुढे सरकते.

या कथाबंधाविषयी दोन प्रश्न संभवतात. हा बंध आपल्या कथनपरंपरेला सर्वस्वी परका आहे काय, हा पहिला. जुन्या कथेत त्याच्यासारखे काही आढळले तर त्या साम्यातून नेमके काय सिद्ध होते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. दुसऱ्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते आणि ‘हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते’ या समाधानात विचार थांबतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा विचार खान्देशच्या संदर्भात केला आहे. कारण या बंधाचे महाभारतातील सर्वांत जवळचे रूप जेथे संपते, ती एकचक्रा नगरी म्हणजे जळगाव जिल्ह्यातील एरंडोल, अशी येथील लोकश्रद्धा आहे.

२

आदिपर्वातील जतुगृहपर्व, हिडिंबवधपर्व आणि बकवधपर्व ही तीन उपपर्वे लागोपाठ येतात. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीतही (१९३३) हा क्रम आहे. तिन्ही उपपर्वे सलग वाचली असता त्यांतील रचना स्पष्ट होते.

आरंभ कोड्याने होतो. वारणावतास निघालेल्या युधिष्ठिराला विदुर इतरांना अर्थ लागणार नाही अशा भाषेत सूचना देतो. लोखंडाचे नसूनही देह छेदणारे शस्त्र, रान जाळणारा पण बिळात राहणाऱ्याला न जाळणारा शत्रू, साळिंदराच्या बिळासारखा आसरा, नक्षत्रांवरून ओळखायच्या दिशा, असे तिचे स्वरूप आहे. उकल केली तर तो सुटकेचा संपूर्ण आराखडा ठरतो : घर ज्वालाग्राही आहे, भुयार खणा, रात्री ताऱ्यांच्या आधाराने मार्ग काढा. पुढे विदुराने धाडलेला खनक घराच्या मध्यभागी भुयार खणतो आणि त्याचे तोंड जमिनीशी समतल अशा फळ्यांनी झाकतो. पांडव तेथे वर्षभर सावधपणे राहतात, योग्य वेळी भीम घराला आग लावतो, आणि सारे भुयारातून निसटतात. पुढे अरण्यात हिडिंबाशी पहिले द्वंद्व होते. त्यानंतर व्यास त्यांना एकचक्रेत आणून ठेवतात आणि तेथे बकाशी निर्णायक सामना घडतो.

कोडे, भुयार, दुय्यम प्रतिस्पर्धी आणि मुख्य प्रतिस्पर्धी हा क्रम तर येथे आहेच. शिवाय भूमिकाही आहे. एकचक्रेत पांडव राजपुत्र म्हणून राहत नाहीत. भिक्षा मागून निर्वाह करणाऱ्या ब्राह्मणांचा वेष त्यांनी घेतलेला आहे आणि तो सांभाळणे ही जगण्याची अट आहे. रोजे काय्वा यांनी १९५८ साली खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे चार प्रकार मांडले. त्यांतील स्पर्धा आणि सोंग हे दोन्ही बकवधात एकमेकांत गुंतलेले आहेत.

३

एरंडोल येथील ‘पांडववाडा’ नावाने ओळखली जाणारी दगडी वास्तू ही पांडवांच्या निवासाची जागा मानली जाते. तेथून सुमारे दहा किलोमीटरवर पद्मालय हे गणेशक्षेत्र आहे. एकाच गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन मूर्ती असणे हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच्या जवळच्या रानातील भीमकुंड बकासुरवधाशी जोडले जाते. गावात राहणे, गाडा जुंपून रानात जाणे आणि तेथे राक्षसाशी झुंजणे या कथेतील हालचालींना अशा रीतीने पायी चालता येईल असा नकाशा मिळाला. बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात एकचक्रा नावाचे गाव आहे आणि बिहारमधील आरा येथेही हीच परंपरा सांगितली जाते, ही बाब या श्रद्धेला बाधक नाही. स्थळकथेचे कार्य ऐतिहासिक निश्चिती देणे हे नसतेच. ऐकलेल्या कथेत श्रोत्याला पाय ठेवायला जागा देणे, हे ते कार्य होय.

कोडे आणि द्वंद्व एकत्र आणणारी आणखी एक परंपरा याच प्रदेशात नांदली. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. तो भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) कर्णार्जुनयुद्धावरचे एक उदाहरण आहे. अर्जुनाने आपल्या बाणांपैकी निम्म्यांनी कर्णाचे बाण अडवले, बाणसंख्येच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे, सहांनी शल्य, तिहींनी छत्र, ध्वज व धनुष्य आणि एकाने कर्णाचे मस्तक छेदले. तर एकूण बाण किती? उत्तर शंभर. पन्नास, चाळीस, सहा, तीन आणि एक असा हिशेब जुळतो.

हे उदाहरण केवळ गंमत म्हणून पाहण्यासारखे नाही. महाभारतातील सर्वांत करुण द्वंद्वांपैकी एक येथे संख्येत रूपांतरित झाले आहे आणि वाचकापुढे थेट ‘किती’ असा प्रश्न ठेवला जातो आहे. कर्णाचा वध येथे शोकाचा विषय राहत नाही. तो उत्तराचा शेवटचा एकक होतो. कथेतील कर्तृत्व अर्जुनाचे, परंतु ते पूर्ण होते ते वाचकाने गणित सोडवल्यावर. १९९७ साली एस्पेन आर्सेथ यांनी ज्या संहिता पार करण्यासाठी वाचकाला नुसत्या वाचनापलीकडचे श्रम करावे लागतात, त्यांचा वेगळा वर्ग कल्पिला. ‘लीलावती’तील हे उदाहरण त्या वर्गात निःसंकोच बसेल.

४

आधुनिक बंधाची वंशावळ मात्र स्वतंत्र आहे आणि ती तशीच नोंदवली पाहिजे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचा उगम सैन्याच्या लहान प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत आहे. सैन्याऐवजी एकेक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊ लागला, आणि रणांगणाच्या जागी तळघर आले. पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो संगणकयंत्रणेवर त्याची अनुकरणे झाली. त्यांतील ‘डीएनडी’ या खेळात इष्टवस्तूची राखण करणारा सुवर्णनाग होता आणि बॉस या संकल्पनेचे आद्य उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. विल क्राउदर हे गुहाशोधक होते. केंटकीतील मॅमथ गुहांच्या प्रत्यक्ष मोजणीच्या अनुभवातून त्यांनी ‘अॅडव्हेंचर’ हा शब्दमय खेळ रचला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला. १९८६ साली जपानमध्ये निघालेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’त तळघर, तेथेच सापडणारे साधन आणि अखेरचा बॉस हा साचा स्थिरावला. त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो यांनी बालपणी गावाजवळ पाहिलेल्या गुहेची आठवण सांगितलेली आहे.

या इतिहासात एक लक्षणीय बाब दिसते. क्राउदर यांच्याकडे खरी गुहा होती आणि तिची कथा झाली. एरंडोलास कथा होती आणि तिच्यासाठी जागा शोधली गेली. दिशा परस्परविरुद्ध असल्या तरी गरज एकच आहे. अंधारातील वाटचाल मनात रुजण्यासाठी तिला भूगोल लागतो.

महाराष्ट्रात या दोन परंपरा अलीकडे एकत्र आल्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. काटेकोर वर्गीकरणात तो साहसखेळ ठरतो. पण कोड्यांची दालने आणि अधिपतींशी सामने हा बंध त्यात पूर्णपणे आहे. राजी ही सामान्य घरातील मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्या प्रवासावर भाष्य करतात आणि महाबलासुर हा अखेरचा प्रतिस्पर्धी आहे. मंडलाकृती चक्रे फिरवून चित्र जुळवणे हे तेथील एक कोडे. ते जुळले की राजीच्या पूर्वायुष्याचा तुकडा उलगडतो. कोडे येथे अडसर आणि स्मृती अशी दोन्ही कामे करते. बहुतेक खेळांत कोडे आणि कथा यांचा संबंध कुलूप-किल्लीपलीकडे जात नाही, हे ध्यानात घेता राजीचे हे वैशिष्ट्य मोलाचे आहे.

५

आता दुसरा प्रश्न. साम्य आहे, पण ते जेथे तुटते तेथेच महाकाव्याचे मोठेपण आणि खेळाची प्रकृती या दोन्हींवर प्रकाश पडतो. असे तीन बिंदू दाखवता येतील.

पहिला मृत्यूचा. खेळात बॉसशी हरणे ही शिकण्याची रीत असते. खेळाडू मरतो, पुन्हा उठतो, प्रतिस्पर्ध्याच्या हालचाली पाठ करतो आणि दहाव्या प्रयत्नात जिंकतो. बकवधात पुनरावृत्ती आहे, पण ती भयाची. एक गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस हा बकाचा कर पाळीपाळीने प्रत्येक घरावर येतो. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले आहेत त्या घरावर पाळी येते, तेव्हा पती, पत्नी आणि कन्या यांच्यात आपण मरावे कोणी, यावर वाद होतो, आणि बोबडा मुलगा गवताची काडी उगारून राक्षसाला मारू पाहतो. तेथे दुसरा प्रयत्न कोणालाच नाही. द्वंद्वाचे वर्णन तुलनेने आटोपशीर आहे. व्यासांनी आपली शक्ती खर्चिली आहे ती या गृहकलहावर आणि भीमाला पाठवण्यावरून कुंती व युधिष्ठिर यांच्यात झालेल्या वादावर. खेळ द्वंद्वावर रेंगाळतो, काव्य द्वंद्वाला कोण जाणार या निर्णयावर रेंगाळते.

दुसरा बिंदू फळाचा. बॉस पडल्यावर खेळाडूला शस्त्र, संपत्ती, पुढचे दार, काहीतरी मिळतेच. भीमाला कीर्तीही मिळत नाही. बकाच्या अनुचरांकडून माणसांना पीडा न देण्याचे वचन घेऊन तो प्रेत नगरद्वारी टाकतो आणि गुपचूप परततो. गावकरी विचारतात तेव्हा ब्राह्मण सांगतो की मंत्र जाणणाऱ्या कोणा ब्राह्मणाने हे केले. घेतलेली भूमिका टिकवण्यासाठी पराक्रम लपवावा लागतो. सोंग आणि स्पर्धा यांच्या संघर्षात येथे सोंगाचा विजय होतो. खेळाच्या रचनेत याला समांतर असे स्थान क्वचितच सापडेल.

तिसरा बिंदू सर्वांत गंभीर आहे. भुयारातून सुटका होते त्या रात्री लाक्षागृहात एक निषाद स्त्री आणि तिचे पाच पुत्र जेवून झोपलेले असतात. ती सहाही माणसे जळून मरतात. पाच पुत्र आणि माता यांचे अवशेष मिळाल्याने पांडव मेले असा समज होतो आणि सुटका सफल होते. कोड्याची उकल अचूक होती. तिची किंमत ज्यांनी चुकवली त्यांना कोडे घातले गेलेच नव्हते. महाश्वेता देवींनी ‘कुंती ओ निषादी’ या बंगाली कथेत हाच प्रश्न कुंतीसमोर उभा केला. संगणकीय तळघरात पहारेकरी, अनुचर, वाटेत आडवे येणारे अनामिक जीव डझनांनी मारले जातात आणि त्यांचा हिशेब फक्त गुणांत होतो. महाकाव्यानेही निषादीला नाव दिले नाही, हे खरे. परंतु तिचे पाच पुत्र मोजून नोंदवले, आणि त्या नोंदीतूनच शतकांनंतर प्रश्न विचारणे शक्य झाले.

६

साम्याचा आणखी एक उपयोग होतो, आणि तो चिंतेचा आहे. पांडववाड्याच्या वास्तूत मशीदही आहे. या वास्तूविषयीचा वाद २०२३ साली जिल्हा प्रशासनापुढे आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादाचा निवाडा करणे हे साहित्यविचाराचे काम नव्हे. साहित्यविचार एवढेच सांगू शकतो की स्थळकथा हा मालकीचा दस्तऐवज नसतो. वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदपत्रांचा आग्रह आयुष्यभर धरला. १९२६ साली ते धुळ्यात निवर्तले आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी तेथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. कथेची सत्यता आणि कागदाची सत्यता यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत, हा विवेक खान्देशच्या विद्यापरंपरेला नवा नाही.

योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली खेळाला आखलेले वर्तुळ म्हटले. आतले नियम आत खरे, बाहेर त्यांची सत्ता नाही. बॉसला मारणारा तरुण खेळ बंद करून उठतो तेव्हा हे वर्तुळ त्याला सहज कळलेले असते. स्थळकथेच्या बाबतीत तेच वर्तुळ पुसट होते, कारण तिची भूमी पायाखालची असते. म्हणूनच नव्या खेळांचे जुन्या कथांशी नाते जोडताना समीक्षेने प्राचीनत्वाचा दावा बाजूला ठेवून त्या कथांनी काय मोजले आणि काय लपवले, हे विचारले पाहिजे. एकचक्रा एरंडोल असो वा नसो, पाळी आलेल्या घरातील माणसांचे बोलणे आणि जळालेल्या घरातील सहा जणांचे मौन या दोहोंना जागा देणारा खेळ रचला गेला, तर आदिपर्वाशी त्याचे नाते सांगण्यास आधार मिळेल.