कान्हेरीच्या रानातले मणी

तारीख १० ऑक्टोबर १००९. बोरिवली स्टेशन नाही, हायवेचा आवाज नाही. साष्टी बेटाच्या मधोमध नुसते डोंगर आणि रान. पाऊस नुकताच सरलाय, ओढा अजून वाहतोय. कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून तुम्ही कान्हेरीला पोहोचता तेव्हा ऊन पाठीला भाजू लागलेलं असतं आणि हवा मात्र ओलीच. ज्या लेण्याला पुढे ९० हा क्रमांक मिळणार आहे, तिथून छिन्नीचा आवाज येतोय. काही पारशी प्रवासी आपली नावं आणि यज्दगर्दी सन ३७८ ची तारीख पहलवी लिपीत दगडात कोरताहेत. त्या लेखामुळेच आपल्याला हा दिवस नेमका सापडतो.

आत जाऊ नका. बाहेरच्या पोढीवर, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यावर, वाका. पावसाच्या पाण्यानं पोढी काठोकाठ भरली आहे. दोन बोटं बुडवा, टोकं जुळवा आणि अलग करा. पाण्याची तार धरतच नाही, डोळा लवतो न लवतो तोच तुटते. आता जिभेवरची थोडी लाळ त्याच दोन बोटांत घेऊन ताणा. संकोच नको, यापेक्षा सोपं आणि चांगलं उपकरण या डोंगरावर तुम्हाला मिळणार नाही. तार निघते, बारीक होते, तिच्यावर एकेक मणी उमटतो. मण्यांना जोडणारा केसाहून बारीक धागा क्षणभर टिकतो आणि मग तुटतो.

लाळेतही जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतं. फरक पडतो तो तिच्यातल्या म्युसिन नावाच्या लांबलचक रेणूंमुळे. एरवी ते सुतळीच्या गुंडीसारखे गुरफटून पडलेले असतात. पृष्ठताण पाण्याच्या तारेला जसा चिमटतो तसाच लाळेच्या तारेलाही चिमटतो. पण तार जिथे अरुंद होते तिथलेच रेणू उलगडून सर्वांत जास्त ताणले जातात आणि परत आखडू पाहतात. म्हणजे पाणी जिथे हार मानतं, नेमकी तिथेच लाळ सर्वांत चिवट होते. असा द्रव वाहतोही आणि रबरासारखा ओढही धरतो. त्यामुळे थेंब सुटे पडण्याऐवजी काही काळ एका धाग्यात ओवलेले राहतात.

आता मान वर करा. ओढ्यावर दोन झाडांच्या मध्ये हातभराहून मोठं, सोनेरी झाक असलेलं जाळं आहे आणि मधोमध तळहात व्यापेल एवढी रानकोळीण. शिलालेखात तिचा उल्लेख नाही, ती मी तिथे बसवली आहे. पण पावसाळा सरताना या रानात ती बसवावी लागत नाही, असतेच. उन्हाच्या दिशेनं तिरकं पाहिलंत तर जाळ्यात गोल फिरत गेलेले धागे बारीक मण्यांनी चमकतात. हे दव नव्हे. दव ऊन चढलं की उडून जातं, हे मणी जात नाहीत.

कोळीण मणी लावत नाही. ती धागा काढतानाच त्याच्यावर पाणीदार डिंकाचा सलग लेप चढवते. लेपातले क्षार हवेतली ओल ओढून घेतात, लेप फुगतो आणि पृष्ठताण त्याचे मणी पाडतो. हे मणी एकमेकांपासून जवळपास सारख्या अंतरावर का पडतात, याचं उत्तर यायला आठशेहून जास्त वर्षं आहेत. बेल्जियमच्या गेंट शहरात दृष्टी गेलेले जोसेफ प्लातो इतरांच्या डोळ्यांनी प्रयोग करवून घेतील आणि १८७३ च्या ग्रंथात मांडतील, की द्रवाच्या दंडगोलाची लांबी त्याच्या परिघाहून वाढली की तो टिकत नाही. पुढे लॉर्ड रॅले गणित करून दाखवतील, की पातळ द्रवाच्या धारेत धारेच्या जाडीच्या साधारण साडेचार पट अंतराची लाट सर्वांत वेगानं वाढते, म्हणून थेंब जवळपास सारख्या अंतरावर पडतात. कोळिणीच्या जाळ्यात मात्र लाळेच्या तारेसारखा तुटून शेवट होत नाही, कारण मण्यांच्या आतून रेशमाचा खराखुरा धागा गेलेला आहे.

एक पतंग येऊन आदळतो. नीट पाहा. त्याच्या पंखाला टेकलेला मणी लांब ताणला जातो, सुटत नाही. अमेरिकेतल्या ॲक्रन विद्यापीठात साहनी, ब्लॅकलेज आणि धिनोजवाला २०१० मध्ये असाच एकेक मणी वेगवेगळ्या वेगानं ओढून पाहतील. झटक्यात ओढला तर तो अतिशय चिकट ठरतो, म्हणून वेगात आलेला कीटक अडकतो. सावकाश ओढला तर रबरासारखा वागतो, म्हणून धडपडणारा कीटक धरून ठेवला जातो. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: पकडणं आणि धरून ठेवणं ही दोन वेगळी कामं एकच थेंब करतो, निव्वळ ओढीचा वेग बदलला म्हणून.

आता दीड महिना पुढे या, २४ नोव्हेंबर १००९. त्याच लेण्यात दुसरा पहलवी लेख कोरला जातोय. हवा कोरडी झाली आहे. कोळीण अजून जागेवर असेल तर तिच्या धाग्यांवरचे मणी ऑक्टोबरपेक्षा लहान दिसतील, कारण ओढून घ्यायला हवेत ओलच कमी आहे. मण्यातलं पाणी घटलं की डिंक घट्ट होतो आणि पंखावर तितका पसरत नाही. तरी क्षार आपलं काम सोडत नाहीत. पहाटेच्या ओलीत मणी पुन्हा थोडे फुगतात.