उपासनेतील गायक-वादकांची कर्तव्ये : लाइपझिग येथील दोन लेख

ख्रिस्ती उपासनेत गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मंडळींकडून चर्चने कोणती अपेक्षा बाळगावी, हा प्रश्न त्या धर्माच्या इतिहासात फार जुना आहे. रीतसर नेमलेल्या आणि व्यासपीठावर चढून ग्रंथावरून गाणाऱ्या गायकांखेरीज इतरांनी चर्चमध्ये गाऊ नये, असा नियम चौथ्या शतकातच लाओडिसियाच्या धर्मसभेने केला होता. गायक हा नेमणुकीचा सेवक होय, ही कल्पना तेव्हापासून रूढ झालेली दिसते. परंतु या सेवकाकडून प्रथम काय मागावयाचे, शुद्ध आचरण, आज्ञाधारक सेवा की कलेवरील प्रभुत्व, याविषयी मात्र एकवाक्यता झाली नाही. जर्मनीतील लाइपझिग नगरात अठराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या दोन लेखांत या अपेक्षांमधील विरोध स्पष्टपणे प्रकट झाला आहे. पहिला लेख म्हणजे ५ मे १७२३ चे करारपत्र आणि दुसरा म्हणजे २३ ऑगस्ट १७३० चे निवेदन. दोहोंखाली सही एकाच व्यक्तीची, योहान सेबास्टियन बाख याची आहे. पहिल्यात नगरपरिषदेच्या अपेक्षा त्याने मान्य केल्या. दुसऱ्यात स्वतःच्या अपेक्षा तिच्यापुढे मांडल्या.

या लेखांचा अर्थ कळण्यासाठी तेथील व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. सेंट टॉमस चर्चला जोडलेली शाळा नगरपरिषदेच्या अधिकाराखाली होती. बाखच्या काळी तेथे सुमारे ५५ निवासी विद्यार्थी होते व त्यांत गरीब घरची मुले पुष्कळ असत. निवास, भोजन आणि शिक्षण यांच्या मोबदल्यात त्यांनी नगरातील चर्चमध्ये गावे, अंत्ययात्रांबरोबर गात जावे, अशी प्रथा होती. या मुलांना संगीत शिकविणारा व चर्चमधील संगीताची सर्व जबाबदारी वाहणारा अधिकारी म्हणजे ‘कँटर’. तो एकाच वेळी शाळेचा शिक्षक आणि चर्चचा संगीतप्रमुख असे. पुढील सर्व वादाचे मूळ या दुहेरी पदातच आहे.

कुनाऊ हा कँटर १७२२ मध्ये मरण पावल्यावर परिषदेने प्रथम टेलेमान यास निवडले; त्याने नकार दिला. ग्राउपनर यास त्याच्या धन्याने सोडले नाही. त्यानंतर बाखची निवड झाली. त्याच्याकडून लिहून घेतलेल्या करारपत्रात चौदा कलमे आहेत. त्याने मुलांपुढे सचोटीच्या व संयमी जीवनाचा आदर्श ठेवावा, परिषदेचा मान राखावा, नगराध्यक्षाच्या परवानगीवाचून नगर सोडू नये, शक्यतो अंत्ययात्रांत मुलांबरोबर चालावे. मुलांशी मायेने वागावे; न ऐकल्यास शिक्षा करावी, परंतु ती बेताची असावी. संगीत फार लांबू नये, त्यास नाटकी ऑपेराचे वळण लागू नये आणि श्रोत्यांच्या मनात भक्तिभाव जागा व्हावा. संगीताचा पाया नसलेली किंवा त्यास अपात्र असलेली मुले शाळेत घेऊ नयेत, हेही एक कलम आहे. मात्र मुलांना वाद्येही शिकवावीत असे सांगताना दिलेले कारण चर्चवर अनावश्यक खर्च पडू नये, हे आहे. एकूण पाहता या लेखात आचरण आणि सेवा यांना अग्रस्थान आहे. कलेचा विचार आहे, पण तो काटकसरीच्या मर्यादेत.

सात वर्षांनंतर चित्र पालटले. २ ऑगस्ट १७३० रोजी झालेल्या परिषदेच्या बैठकीत बाख अध्यापनाकडे दुर्लक्ष करतो अशी तक्रार झाली, त्यास ‘न सुधारणारा’ ठरविण्यात आले आणि त्याच्या वरकड प्राप्तीस कात्री लावण्याचे ठरले. तीन आठवड्यांनी बाखने आपले निवेदन लिहिले. सुव्यवस्थित चर्च-संगीतासाठी काय लागते आणि त्याचा ऱ्हास कशामुळे झाला, हा त्याचा विषय होय. आपल्यावरील आरोपांना त्याने त्यात उत्तर दिलेले नाही. त्याने केवळ हिशेब मांडला आहे.

प्रत्येक गायकवृंदात चार स्वरपट्ट्यांचे प्रत्येकी तीन, असे किमान १२ गायक हवेत. १६ असल्यास अधिक चांगले. एखादा आजारी पडला तरी काम अडू नये, हे त्याचे कारण. आणि त्या ऋतूत मुले वारंवार आजारी पडतात याची साक्ष म्हणून शाळेच्या वैद्याने औषधविक्रेत्यास लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा तो दाखला देतो. वादक किमान १८ हवेत. नेमलेले मात्र आठच, आणि त्यांतील काही वयोवृद्ध तर काहींचा सराव सुटलेला. ही उणीव भरून काढण्यासाठी गाणाऱ्या मुलांच्याच हाती वाद्ये द्यावी लागत, म्हणजे वाद्यांचा प्रश्न सुटता सुटता गायक कमी होत. पूर्वी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना साथीबद्दल मिळणारे अल्प मानधनही बंद झाले होते. ड्रेस्डेनच्या दरबारातील वादकांना निश्चित वेतन असून प्रत्येकास एकच वाद्य सांभाळावे लागते, याकडे बाख लक्ष वेधतो. पोटाची विवंचना असलेल्या माणसाकडून कलेच्या पूर्णतेची अपेक्षा करता येत नाही, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा होय.

निवेदनाच्या शेवटी मुलांची वर्गवारी आहे : १७ उपयोगी, २० अद्याप उपयोगी नसलेले आणि १७ अपात्र. येथील शब्दयोजना भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. मूळ जर्मनमध्ये पहिले दोन वर्ग एकाच क्रियापदापासून साधलेल्या शब्दांनी दर्शविले आहेत. दुसऱ्यास केवळ ‘अद्याप नाही’ असे पद जोडले आहे. तिसऱ्या वर्गासाठी मात्र निराळाच शब्द आला आहे. पहिल्या दोन वर्गांत अंतर काळाचे व शिक्षणाचे आहे. तिसऱ्याशी अंतर पात्रतेचे आहे. करारपत्रातील प्रवेशाचे कलम परिषदेने स्वतःच पाळले नाही, असा मूक आरोपही त्या शेवटच्या शब्दात वाचता येतो.

‘वृंद’ या अर्थाच्या शब्दावरूनही पुढे मोठा वाद झाला. एवढे गायक एकाच वेळी गात असत असे दीर्घकाळ मानले जाई. १९८१ मध्ये जोशुआ रिफ्किन यांनी असे प्रतिपादन केले की बाखच्या बहुतेक रचना प्रत्येक भागास एकच गायक योजून गायिल्या जात. १२ ही संख्या वृंदाच्या सभासदांची होय, एका वेळी गाणाऱ्यांची नव्हे. हे मत सर्वमान्य झालेले नाही. तथापि ते ग्राह्य धरल्यास प्रत्येक मुलावरील भार किती मोठा होता आणि एका ‘अपात्र’ मुलाने केवढी पोकळी निर्माण होई, हे कळून येते.

बाखच्या मागण्या पुरविल्या गेल्याचे दिसत नाही. २८ ऑक्टोबर १७३० रोजी बालमित्र एर्डमान यास लिहिलेल्या पत्रात तो आपले वरिष्ठ विचित्र व संगीताविषयी उदासीन असल्याचे सांगतो. हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होतात आणि आपली प्राप्ती घटते, असेही नमूद करतो. नवा मुख्याध्यापक गेस्नर आल्यावर काही काळ दिवस बरे गेले. परंतु त्याच्यामागून आलेल्या एर्नेस्टीच्या कारकिर्दीत, १७३६ मध्ये, वृंदाचा नायक नेमण्याचा अधिकार मुख्याध्यापकाचा की कँटरचा, यावरून पुन्हा कलह पेटला. २८ जुलै १७५० रोजी बाख निवर्तला. त्याचा वारस निवडताना परिषदेतील एका सदस्याने शाळेस कँटर हवा, दरबारी संगीतप्रमुख नको, असे मत मांडले. सत्तावीस वर्षांत परिषदेची भूमिका फारशी बदलली नव्हती.

या दोन लेखांतील विरोध भक्ती आणि कला यांच्यातील आहे असे समजणे बरोबर होणार नाही. संगीताने भक्तिभाव जागवावा हे बाखनेही सही करून मान्य केले होते. त्याचे म्हणणे इतकेच की, सेवकाकडून अपेक्षा करणाऱ्या संस्थेवर त्या अपेक्षेचा निम्मा भार पडतो. नियमांच्या यादीत सेवकाची कर्तव्ये लिहिली जातात, संस्थेची सहसा लिहिली जात नाहीत. १७३० च्या निवेदनाचे महत्त्व असे की, करारपत्रात न लिहिलेली ही दुसरी बाजू तेथे आकड्यांनिशी लिहिली गेली.