कमानीवर उभा राहिलेला धंदा

तलासरी नाक्यावर आमचा भाता होता. शाळेतून आलो की दप्तर खुंटीला अडकवायचं आणि भात्याची साखळी ओढायला बसायचं, हे माझं काम. समोरून मुंबई-अहमदाबाद रस्ता जायचा. तेव्हा तो आठ नंबरचा हायवे होता, आता ४८ झाला. आम्ही जुनी माणसं अजून आठच म्हणतो. नाक्यावर जे ट्रक थांबत, त्यांतले निम्मे तरी मागून एका अंगाला बसलेले असत. ड्रायव्हर उतरायचा आणि एवढंच म्हणायचा, “उस्ताद, पाटा गेला.”

पाटा म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या कमानीतली पोलादी पट्टी. आजोबांच्या काळात पाटा नव्हता, नुसता आस होता. बैलगाडीचा आस सरळ आणि गाडीचा साटा थेट त्याच्यावर. चाक दगडावर चढलं की धक्का मालाला बसायचा आणि बैलाच्या मानेलाही. डहाणूच्या जंगलातलं लाकूड आणि गवत अशाच गाड्यांतून स्टेशनात जायचं, तिथून रेल्वेने मुंबईला. आजोबा त्या गाड्यांच्या चाकांना धाव चढवायचे. लोखंडी पट्टी लालभडक तापवून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून लगेच पाणी ओतायचं. पट्टी आकसली की आरे तुंब्यात असे आवळून बसत की खिळ्याची गरज पडत नसे.

ट्रक आले आणि आमच्या घरात धावेची जागा पाट्याने घेतली. वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी १९४४ साली उभी राहिली, तिचा कारखाना कुर्ल्याला. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेम्लर-बेन्झशी हातमिळवणी करून ट्रक काढले. बाबांनी हातोडा तोच ठेवला, फक्त त्याच्याखालचं लोखंड बदललं.

ट्रकच्या मागच्या कमानीत पाट्यांची चळत असते. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे. एक डोळा चासीला पिनेने अडकतो, दुसरा शॅकलमध्ये झुलतो, कारण कमान दबली की तिची लांबी वाढते आणि तिला सरकायला जागा लागते. मेन पाट्याखाली एकेक आखूड होत जाणारे पाटे, मधून सेंटर बोल्ट, आणि सगळी चळत यू-बोल्टांनी अॅक्सलला आवळलेली.

उतरलेल्या पाट्याला पुन्हा बाक देणं हे बाबांचं खरं कसब. पाटा भट्टीत घालायचा, जांभळासारखा झाला तरी थांबायचं, पिकल्या करवंदाच्या आतल्या रंगाचा लाल झाला की चिमट्याने ऐरणीवर घ्यायचा. घाव मधोमध कधी नाही. टोकाकडून आत येत, एकासारखे एक. नंतर तेलात बुडवायचा. तेलातून निघालेला पाटा काचेसारखा कडक, तसाच बसवला तर पहिल्या खड्ड्यात मोडेल. म्हणून पुन्हा मंद आचेवर. बाबा त्यावर साधी लाकडाची काडी घासत. काडी नुसती घसरली तर अजून वेळ आहे, काडी धुमसून काळी रेघ उमटली की पाटा उतरवायचा. आमच्याकडे तापमापक नव्हता. ती काडीच होती.

तुटलेला पाटाही वाया जात नसे. वारली पाड्यांवरचे लोक येऊन त्याचे कोयते घडवून नेत. पाट्याच्या पोलादाला धार टिकते, हे या भागात पोराटोरांना ठाऊक आहे.

एकदा एक तरुण प्रीमियर पद्मिनी घेऊन आला. इंजिनावर बरंच काम केलेली, सरळ रस्त्यावर पळवायची गाडी. पद्मिनीची मागची रचना ट्रकसारखीच: सरळ अॅक्सल, खाली पाटे. त्याची तक्रार एकच. क्लच सोडला की गाडी पुढे जाण्याऐवजी मागची चाकं थडथड उड्या मारत. बाबा खाली सरपटत गेले आणि मला म्हणाले, “अरे, इंजिन चाक फिरवतं, तसं अॅक्सललाही उलटं फिरवायला बघतं. पाटा पिळला जातो, सापासारखा वळतो, मग सुटतो. परत पिळतो, परत सुटतो.” त्यांनी पाट्यांच्या पुढच्या अर्ध्या भागाला जादा क्लॅम्प आवळले आणि मागचा अर्धा मोकळा ठेवला. पुढचा भाग ताठ झाला, पिळवट थांबली. मागच्या भागाने खड्डे झेलले.

पुढे खूप वर्षांनी वाचलं की अमेरिकेतही हेच कोडं सोडवलं गेलं होतं. तिथे पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतींना रीतसर रूप आलं ते १९५० च्या सुमारास, जुन्या विमानपट्ट्यांवर. तिथल्याच १९६३ च्या शेवरोले कॉर्व्हेट गाडीला मागे प्रत्येक चाक स्वतंत्र आणि आडवी नऊ पाट्यांची कमान होती. वळणावर ती उत्तम. पण सरळ शर्यतीत सुटताना गाडीचा सारा भार मागे येतो, मागचा भाग खाली बसतो, चाकं वरून आत कलतात आणि टायर आतल्या कडेवरच टेकतो. चाकांकडे जाणारे जोडही दणक्याने तुटतात. म्हणून शर्यतवाल्यांनी ती नवी रचना काढून जुना सरळ अॅक्सल घातला आणि तो पिळू नये म्हणून अॅक्सलपासून चासीपर्यंत शिडीसारखे दांडे लावले. क्रायस्लरने तर पाट्याचा पुढचा भाग मुद्दाम आखूड ठेवून कमानी बनवल्या. बाबांनी क्लॅम्प लावून जे साधलं, त्याचाच तो पक्का अवतार.

मला यातून एक गोष्ट पक्की कळली. ज्याला आपण गाडीवानाचं, ट्रकवाल्याचं ओबडधोबड म्हणून बाजूला ठेवतो, त्यात जड भार आणि मोठा जोर पेलण्याचं शहाणपण असतं. आमच्या भागातल्या घोलवडचा चिकू आज भौगोलिक मानांकनाने ओळखला जातो. तो बाजारात न दबता पोचतो, त्यात बागायतदाराइतकाच कमान बसवणाऱ्याचाही वाटा आहे. पाटे फार ताठ झाले की चिकू काळे पडतात, फार नरम झाले की ट्रक वळणावर झुलतो. किती पाटे घालायचे, हे माल बघून ठरवावं लागतं.

आता बऱ्याच नव्या ट्रकांना मोजकेच जाड पाटे येतात, कित्येक बसगाड्या हवेच्या फुग्यांवर चालतात. तुटलं की बदलायचं, बाक द्यायला कोणी थांबत नाही. आमचा भाता मी अजून ठेवला आहे, पण साखळी ओढायला पोर येत नाही.

डहाणू-तलासरीच्या आयटीआयमधल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्षातून एक दिवस मुलांना घेऊन या. एक पाटा तापवू, एक काडी घासू. पुस्तकातलं तापमान त्यांना पाठ असेल, पण काडीची काळी रेघ एकदा डोळ्यांनी पाहिली की ती विसरली जात नाही.