गावाकडच्या आईवडिलांना मदतनीस केव्हा लागतो?

देवगड तालुक्यातील मिठबाव हे गजबादेवीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले किनाऱ्यावरचे गाव. सिंधुदुर्गातील इतर गावांप्रमाणे येथील कर्ती पिढी मोठ्या प्रमाणावर नोकरीनिमित्त मुंबईत असते आणि गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी येते. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१ इतकी खाली आली. अनेक घरांतून आता सत्तरी-ऐंशीचे दांपत्य किंवा एकटी आई राहते. फोनवर विचारपूस केली की 'सगळा बरा आसा' हेच उत्तर मिळते. मुलांना काळजी वाटू नये ही त्यामागची भावना असते. त्यामुळे आईवडिलांना अंगमेहनतीच्या मदतीची गरज लागली आहे हे पुष्कळदा घरात कोणी पडल्यावरच कळते. ते आधी ओळखता येते. त्यासाठी वय किंवा आजार यांपेक्षा रोजची कामे कशी होतात याकडे पाहावे लागते.

सहा क्रिया, आठ कामे

अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा मूलभूत क्रियांची मोजपट्टी मांडली : स्नान, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून किंवा खुर्चीवरून उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे. या क्षमता साधारणतः ठरावीक क्रमाने कमी होतात. स्नान प्रथम अवघड होते, हाताने जेवणे सर्वांत शेवटी. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये त्यांच्या जोडीला आठ अधिक गुंतागुंतीची कामे नोंदवली : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार. ही आठ कामे सहसा आधी विस्कळीत होतात. म्हणून पहिली सूचना पासबुक आणि गोळ्यांच्या डब्यातून मिळते.

सुट्टीत काय पाहावे?

औषधांच्या पाकिटात तारखेच्या मानाने गोळ्या जास्त उरल्या आहेत का, वीजबिल थकले आहे का, भांड्यांचे तळ करपलेले आहेत का, हे पाहावे. दुपारी पूर्ण स्वयंपाक होतो की दोन्ही वेळा पेज-लोणच्यावर भागवले जाते, हेही पाहावे. सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी घटले, म्हणजे पन्नास किलोच्या व्यक्तीचे अडीच किलो कमी झाले, तर डॉक्टरांचा सल्ला आवश्यक ठरतो.

शरीराची भाषाही बोलकी असते. वाढलेली नखे, तेच ते कपडे, अंगाला येणारा वास, दंडावरील किंवा गुडघ्यावरील काळेनिळे डाग, भिंतीचा आधार घेत चालणे ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. स्नान टाळण्यामागे आळस नसून पडण्याची भीती असू शकते. जुन्या कोकणी घरांत न्हाणी आणि शौचालय बरेचदा मागीलदारी किंवा घराबाहेर असते. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि वीजही जाते.

तोल पाहण्याची एक सोपी चाचणी १९९१ पासून वापरात आहे. व्यक्तीने खुर्चीवरून उठावे, तीन मीटर चालून वळावे आणि परत येऊन बसावे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका गृहीत धरावा. चाचणीच्या वेळी कोणीतरी जवळ उभे राहणे आवश्यक आहे.

दांपत्य एकत्र राहत असेल तर दोघांकडेही स्वतंत्रपणे पाहावे. पतीचे स्नान, कपडे, औषधे पत्नी निमूटपणे सांभाळत असते. त्यामुळे त्याची गरज झाकली जाते आणि तिचा थकवाही.

आधी डॉक्टर, मग मदतनीस

बदल हळूहळू झाला की अचानक, हा भेद महत्त्वाचा आहे. एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ, असंबद्ध बोलणे किंवा गुंगी यामागे लघवीचा संसर्ग, शरीरातील पाणी वा सोडियम कमी होणे, किंवा एखादे नवे औषध असू शकते. अशा वेळी तातडीचे उपचार हवेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, थायरॉईडचे विकार, 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य ही बरी होण्याजोगी किंवा सुधारण्याजोगी कारणेही आधी तपासून घ्यावीत.

किती मदत पुरेशी?

केवळ बिले, बाजार आणि औषधे अडत असतील तर शेजारी किंवा नातेवाईक आठवड्यातून दोन-तीनदा आल्याने भागते. स्नान किंवा कपडे घालणे जमेनासे झाले की रोज सकाळी दोन तासांचा मदतनीस लागतो. शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे अवघड झाले, गॅस चालू राहू लागला किंवा व्यक्ती वाट चुकू लागली, तर दिवसरात्र सोबत हवी. घराजवळ न्हाणीची सोय, भिंतीला पकडण्याचे दांडे, रात्रीचा दिवा आणि कमोडची खुर्ची यांमुळे हा टप्पा काही काळ लांबवता येतो.

वाडीतीलच ओळखीची व्यक्ती मिळाल्यास उत्तम. स्नान-शौचासाठी स्त्रीला स्त्री मदतनीसच सहसा सोयीची वाटते. वेतन, सुट्टी आणि कामांची यादी आधी ठरवावी. बँकेचे कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक मदतनीसाकडे देऊ नये. अडचणीत ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर मार्गदर्शन मिळते. मुलांनी जबाबदारी टाळल्यास २००७ च्या कायद्यानुसार आईवडिलांना निर्वाह न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अन्न, वस्त्र, निवारा व वैद्यकीय उपचार यांचा त्या निर्वाहात समावेश आहे.

गरज दिसताच आईवडिलांना मुंबईच्या सदनिकेत हलवणे हा एकमेव मार्ग नव्हे. ओळखीचे घर आणि माणसे सुटल्याने विस्मरण असलेली व्यक्ती अधिक गोंधळू शकते. 'तुम्हाला आता जमत नाही' असे म्हणण्याऐवजी 'पाणी कोणी काढून दिले तर बरे पडेल का?' असे विचारल्यास नकार सौम्य होतो. प्रत्येक सुट्टीत या सहा क्रिया व आठ कामांची नोंद वहीत करून ठेवावी. मे महिन्यातील पान आणि गणपतीतील पान शेजारी ठेवले की पावसाळ्याच्या चार महिन्यांत काय बदलले, ते फोनवरील उत्तरापेक्षा स्पष्ट दिसते.